चामड्याने धरून ठेवलेलं

बाबाजी गमरे माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या पायांकडे बघतात. मी कारखान्यात रुजू झाले त्या दिवशी वडिलांनी लांज्याच्या बाजारातून घेऊन दिलेल्या चामड्याच्या कोऱ्या सँडल घालून प्रयोगशाळेच्या दारात उभी होते, आणि हा पन्नाशी ओलांडलेला, खाकी कपड्यांतला, वाळका माणूस माझ्या पावलांकडे असा बघत होता की मला रागच आला.

"मॅडम, ह्या आत नाय चालायच्या."

"का?"

"चामडं हाय." एवढंच बोलून त्यांनी रबराचे बूट माझ्यापुढे ठेवले.

मी केमिस्ट, एमएस्सी झालेली. हे नमुने आणून देणारे, काचसामान धुणारे मदतनीस. मला कोण शिकवतंय, असं तेव्हा वाटलं होतं. मी तशी तापटच आहे, घरचे सांगतील. पण आठवड्याभरात कळलं की प्रयोगशाळेतले सगळे त्यांना मामा म्हणतात आणि सगळे त्यांच्याकडून बोलणी खातात. घड्याळाचा चामडी पट्टा, कमरेचा पट्टा, खिशातलं पाकीट, काहीही असो, मामा ते दाराबाहेर ठेवायला लावत. प्लांटमध्ये कुणाच्या चामडी बुटावर थेंब पडला की तो बूट मामा स्वतः मागून आणत, सुरीने त्याच्या पट्ट्या करत आणि जाळायच्या पिंपात टाकत. नवी पोरं हसायची. "मामा, बुटानं काय घोडं मारलं तुमचं?" मामा हसत नसत.

आमचा कारखाना खेड तालुक्यातला. नाव सांगत नाही, मला अजून नोकरी करायची आहे. आम्ही जे बनवतो ते दिसायला पाण्यासारखं. एपिक्लोरोहायड्रिन हे त्याचं नाव, पण आमच्याकडे सगळे नुसतं 'एपी' म्हणतात. ह्या एपीची दोन रूपं असतात. आपला डावा हात आणि उजवा हात कसे सारखे दिसतात, पण एकाचा मोजा दुसऱ्याला बसत नाही, तसं. कच्चा माल येतो त्यात दोन्ही मिसळलेली असतात. आम्ही त्यातलं एक ठेवतो आणि दुसऱ्याचं पाण्याने दुसरंच काहीतरी करून बाजूला काढतो. कारण औषधवाल्यांना एकच लागतं. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, जंतुसंसर्गावरची काही औषधं, ह्यांच्या साखळीत कुठेतरी आमचं हे पाणी असतं. संशोधन करणारे तर पंचवीस-पंचवीस ग्रॅमच्या बाटल्या मागवतात. त्याच्या रेणूत तीन अणूंचं एक ताणलेलं कडं असतं. ते उघडायला टपलेलंच असतं, आणि उघडलं की ज्याला भेटेल त्याला चिकटतं. नवा रेणू बांधायला असलंच काहीतरी हवं असतं.

माणसाच्या अंगालाही ते तसंच चिकटतं. वास गोडसर, कुणाला लसणासारखा वाटतो, आणि वास आला म्हणजे उशीर झाला, कारण तोवर हवेत ते मर्यादेच्या कितीतरी पट झालेलं असतं. कर्करोगाचा संशय आहेच. साधे पातळ हातमोजे बघता बघता पार करतं. कातडीवर पडलं तर लगेच काही कळत नाही, काही तासांनी आग सुरू होते. आणि चामडं ते पिऊन घेतं. वरून धुतलं, वाळवलं, तरी आत धरून ठेवतं आणि पायाच्या उबेने हळूहळू परत देत राहतं. म्हणून नियम असा, की चामड्यावर पडलं तर ती वस्तू नष्ट करायची.

नियम सगळ्यांना पाठ होता, पण मामा त्याच्या पलीकडे गेले होते. जेवणाच्या सुट्टीत सगळे हसत असताना ते मध्येच मान वर करत आणि हळूच विचारत, "वास येतोय?" कुणालाच येत नसे. कोरड्या फरशीवर त्यांना ओल दिसायची आणि ते तिथे पुन्हा पुन्हा फडकं फिरवत बसायचे. एकदा मी अंधाऱ्या खोलीत पोलारिमीटरवर, म्हणजे प्रकाश किती अंश वळतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, नमुना बघत होते. तिथे सोडियमचा पिवळा दिवा असतो. त्या उजेडात माणसाचा चेहरा मेल्यासारखा दिसतो. आमचं रूप शुद्ध असेल तर प्रकाश उजवीकडे चौतीस अंशांच्या आसपास वळतो. दोन्ही रूपं सारखी मिसळली असतील तर शून्य येतं. मी आकडा लिहीत होते आणि मामा कधीचे मागे उभे होते, मला पत्ताच नव्हता.

"मॅडम, शरीराला ह्यातलं डावं-उजवं कळतं ना?"

"औषध झाल्यावर कळतं, मामा. चांगलंच कळतं."

"आणि जाळताना?"

"जाळताना दोन्ही सारखीच."

त्यांनी मान हलवली आणि गेले.  मी दार उघडं टाकून उरलेलं काम केलं.

हे सगळं कशापायी, ते मला गेल्या मार्चमध्ये कळलं. मामा सुट्टीवरून गावाहून परत आले ते उतरलेल्या चेहऱ्यानेच. त्यांचं गाव मंडणगड तालुक्यात, डोंगरात. घरी म्हातारी आई, धाकटा भाऊ अमरदीप, त्याची बायको आणि दहा वर्षांची सानवी. मामांनी लग्न केलं नाही. सानवी म्हणजे त्यांचा जीव. त्या दिवशी त्यांनी काचसामान धुता धुता नळ बंद केला आणि म्हणाले, "सानवी शाळेत जाताना बूट हातात घेऊन जाते."

"म्हणजे?"

"दप्तर पाठीवर, बूट हातात. अनवाणी. सीमेवरच्या दगडापर्यंत. तो ओलांडला की घालते."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. 

गमऱ्यांच्या वाडीने छप्पन्न सालानंतर धम्म स्वीकारला. त्याआधी मामांच्या आजोबांना गावातून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. गावाच्या सीमेवर राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा, दगड आहे, शेंदूर फासलेला. तिथपासून वरची, सवर्णांची वाडी संपेपर्यंत वहाणा हातात. म्हणून पुढे वाडीत रीत पडली, की जयंतीच्या मिरवणुकीत प्रत्येक पुरुषाने, आणि नंतर बायकांनीही, पायात बूट घालूनच त्या दगडावरून आणि वरच्या वाडीतून जायचं. फाटके असले तरी चालतील, पण बूट हवेत. एखाद्याकडे नसले तर दुसऱ्याने द्यायचे. शर्टाला इस्त्री नसली तरी बुटाला पॉलिश असायचंच.

नऊ वर्षांपूर्वी मामा प्लांटमध्ये होते. जयंतीच्या आदल्या दिवशी पिंप भरताना जोड निसटला आणि त्यांच्या दोन्ही बुटांवर एपी सांडलं. बूट पंधरा दिवसांचे, नवे, पुढे लोखंडी टोपी असलेले, चकाकते. त्यांनी ते तिथल्या तिथे काढले, पंधरा मिनिटं पाण्याखाली पाय धरले. त्यांच्या पायांना काहीही झालं नाही. बूट कापायला सुरी हातात घेतली. आणि कापवेना.

"आजोबांच्या हातातल्या वहाणा दिसायला लागल्या, मॅडम. एवढे चांगले बूट, आणि मी माझ्या हातानं त्यांच्या चिंध्या करू? अमरदीपचा फोन आलेला, की मुंबईवरनं येतोय, पण बुटाचा तळ सुटलाय."

त्यांनी बूट साबणाने धुतले, पाळी संपेपर्यंत उन्हात वाळवले. हुंगून बघितले. वास आला नाही. वीस वर्षं त्या वासात काढलेल्या नाकाला तो कुठून येणार? नोंदवहीत लिहिलं, बूट कापून नष्ट केले, आणि खाली सही केली. बूट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून गावाला नेले.

एप्रिलचं ऊन, कातळ तापलेला. अमरदीपने दोन वाजता बूट घातले. चार वाजता मिरवणूक राखणदाराच्या दगडावरून गेली. त्यानंतर थोड्याच वेळात तो म्हणाला, पाय चुरचुरतायत. संध्याकाळी आग व्हायला लागली, आणि रात्री फोड आले, ते फुटून कातडी मोज्याबरोबर निघाली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पायावर काही सांडलं होतं का?" अमरदीप म्हणाला, काहीच नाही. मामा खाटेच्या उशाशी उभे होते. ते गप्प राहिले. पुढे डाव्या पायात पू झाला आणि दोन बोटं काढावी लागली. मुंबईची नोकरी गेली, कारण ती दिवसभर उभं राहायची होती.

"आणि बूट?" मी विचारलं.

"त्याच रात्री नेऊन जाळले."

मला इतका संताप आला की हातातली काचनळी मी बेसिनमध्ये आपटली. डॉक्टरांनी विचारलं होतं! तेव्हा तरी बोलायचं! मी हे सगळं मोठ्याने बोलले. मामा ऐकत राहिले. ह्यातलं एकही वाक्य त्यांना नवं नव्हतं.

पण खरी गोष्ट पुढेच होती. वरच्या वाडीतल्या केरू नावाच्या म्हाताऱ्याने अमरदीपचा पाय बघून म्हटलं होतं, "राखणदाराला चामडं चालत नाय रं बाबा." वाईट बुद्धीने म्हटलं नव्हतं. तो रडत होता म्हणे. पण ते वाक्य वाडीत शिरलं ते शिरलंच. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात मामांची आई, चिमाबाई, पदराखाली नारळ लपवून दगडापाशी जायला लागली. पुढच्या जयंतीला मिरवणूक दगडापाशी आली आणि थांबली. कुणी सांगितलं नाही, कुणी ठरवलं नाही. एकाने वाकून बूट काढले, मग दुसऱ्याने. विहारातले लोक ओरडले, समजावलं. काही उपयोग झाला नाही. अमरदीपच्या तुटक्या पायापुढे कुणाचं चालणार? आठ वर्षं वाडी त्या दगडावरून बूट हातात घेऊन जाते आहे.

"मी घेऊन गेलेल्या बुटांनी हे केलं," मामा म्हणाले. "आजोबांच्या हातातनं वहाणा सुटल्या व्हत्या. मी परत दिल्या."

आता सानवी. ती फेब्रुवारीत एकदा विसरून बूट घालून दगड ओलांडून गेली, आणि मग आठवल्यावर शाळेत पायाची बोटं मोजत बसली. तीन दिवस तापाने फणफणली. झोपेत म्हणायची, माझी बोटं गेली का बघ. तेव्हापासून ती अनवाणी जाते, उन्हात, काट्याकुट्यात.

"सांगायचं म्हणतो," मामा म्हणाले. "पण तो माझ्यावर विश्वास ठेवणार नाय. तुमी केमिस्ट. येशाल?"

खोटी सही बाहेर पडली तर त्यांची नोकरी जाणार होती. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मी त्यांना तसं बजावलं. ते म्हणाले, जाऊ दे. जुन्या नोंदवह्या तपासणीच्या कामासाठी माझ्याच ताब्यात होत्या. मी ते पान शोधलं आणि मोबाईलवर फोटो काढला. हे करण्याआधी मी दाराला कडी घातली, लपवून काय उपयोग?

जयंतीच्या आदल्या दुपारी आम्ही गावात उतरलो. एसटी थांबते तिथून वाडीची पायवाट कातळावरून जाते. दोन्ही बाजूंना काजू, वाऱ्याची झुळूक नाही, पाखराचा आवाज नाही. दगड आला. गुडघ्याएवढा, शेंदराची पुटं चढलेला, पुढ्यात नारळाच्या करवंट्या. मी रसायनशास्त्र शिकलेली, पायात रबराची सँडल. सगळं माहीत असलेली. आणि तरी माझी चाल मंदावली. माझं एक पाऊल आपोआप वर झालं, हात सँडलच्या बंदाकडे गेला. कुणीतरी माझ्या पायांकडे बघतंय असं मला स्पष्ट वाटलं. मी वळून बघितलं. बाबाजी मामा बघत होते.

"बघितलंत?" ते म्हणाले. "तुमालासुद्धा."

मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी पाय आपटत दगडापुढून गेले. पण खरं सांगायचं तर, पुढची शंभर पावलं मी बोटांतली चुरचुर तपासत होते.

अमरदीप ओटीवर बसून काजूच्या बिया निवडत होता. गोरटेला, हसरा माणूस, डाव्या पायात खास शिवून घेतलेली चप्पल. त्याने मला खुर्ची दिली, सानवीने पाणी दिलं. बाबाजी उभेच राहिले. उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. पाठ केल्यासारखं, एकही शब्द न गाळता.

अमरदीप आधी हसला. "दादा, माजी भीती घालवायला सांगतोस व्हय? मॅडमना कशाला तरास दिलास?"

मग मी बोलले. चामडं काय करतं ते सांगितलं. आग उशिरा का होते ते सांगितलं. मोबाईल पुढे धरला. त्याने ते पान वाचलं. तारीख वाचली. खालची सही वाचली. दादाची सही त्याला ओळखीची होती, लहानपणी प्रगतिपुस्तकावर तीच असायची. आतून चिमाबाई दारापाशी आली होती, ती तिथेच खाली बसली.

अमरदीपने बी निवडायचं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"डॉक्टरनं विचारलं तवा तू व्हतास ना?"

"व्हतो."

"माज्या उशाशी."

"हो."

"बरं," अमरदीप म्हणाला. त्याने पुढे काहीच विचारलं नाही. मला वाटलं होतं तो ओरडेल, मारेल, रडेल. त्यातलं काहीच झालं नाही, आणि मी मूर्खासारखी मनात म्हणाले, चला, सुटलो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मिरवणूक दगडापाशी आली. निळे झेंडे, ताशा, पांढऱ्या साड्या. ताशा थांबला. माणसं सवयीने वाकली. अमरदीप वाकला नाही. तो लंगडत पुढे गेला, दगडाच्या अगदी समोर उभा राहिला, वळला आणि मोठ्याने म्हणाला, "कुणी पण बूट काढायचे नाय. माजा पाय राखणदारानं नाय नेला. केमिकलनं नेला. दादानं आणलेल्या बुटात व्हतं." मग त्याने सानवीला हात केला. ती बूट घालून एकेक पाऊल टाकत, डोळे मिटून, दगडापुढून पलीकडे गेली. पलीकडे जाऊन तिने डोळे उघडले आणि हसली. मग सगळेच गेले. ताशा असा वाजला की कातळ घुमला. वरच्या वाडीत केरू म्हातारा अंगणात उभा होता, तो सगळ्यांच्या पायांकडे बघत होता आणि हात जोडत होता. मी रडले. बाबाजी सगळ्यांच्या मागे, शेवटी होते. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा समोर बघून चालताना पाहिलं. त्यांच्या शेजारून जाणारी माणसं जरा अंतर ठेवून जात होती, ते मला दिसलं, पण मी गर्दी म्हणून सोडून दिलं.

घरी आलो. ओटीवर चहा आला. मला आणि घरच्यांना कपातून, बाबाजींना कागदी पेल्यात. पाहुण्यांसाठी आणलेले पेले असतील, असं मी धरून चालले. सानवी अंगणात उड्या मारत होती, तिच्या बुटाची नाडी सुटून धुळीत लोळत होती.

"पडशील गो," बाबाजी म्हणाले, आणि चहा खाली ठेवून उठले. तिच्यापुढे वाकले. नाडीला हात घातला.

"दादा."

अमरदीपचा आवाज चढलेला नव्हता. त्याने आपली पावलं ओटीवर पार आत ओढून घेतली होती, लुंगीखाली झाकून घेतली होती. काल मोबाईल हातात घेतानाही त्याच्या चेहऱ्यावर जी भीती नव्हती, ती आता होती. ती दगडाची नव्हती.

"दादा, पोरीला शिवू नको."

त्या घरात हा शब्द कधी उच्चारला गेला नसेल. घरात काय, त्या वाडीत नसेल. चिमाबाईने तोंडावर पदर धरला. अमरदीपलाही आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्याचा चेहरा पडला. पण त्याने शब्द परत घेतला नाही.

बाबाजी तसेच वाकलेले राहिले, हात नाडीपासून वीतभर लांब. सानवी एकदा बापाकडे बघत होती, एकदा त्यांच्याकडे. मग ती हळूच एक पाऊल मागे सरकली.

"बरोबर हाय तुजं," बाबाजी म्हणाले, आणि हात मागे घेतला. सानवीने खाली बसून आपली नाडी आपणच बांधली.